सारथ्याचा नकार

(दहावी-बारावीचे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासाठी योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'वैमानिक होताना' हा विषय दिला आहे. प्रारंभीच एक गोष्ट प्रांजळपणे सांगतो. मी वैमानिक नाही. कला शाखेचा पदवीधर, पोटासाठी पत्रकार. विमानात पहिल्यांदा बसलो तो वयाच्या चाळिशीत, आणि तेव्हाही खिडकीजवळची जागा मिळाली नाही. तथापि वृत्तपत्राच्या कचेरीत इतरांनी बाजूला टाकलेले चौकशी अहवाल वाचण्याची एक खोड मला आहे आणि त्यात विमान अपघातांचे अहवाल पुष्कळ वाचले. त्या वाचनातून जे हाती लागले, तेवढेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

निमित्त सांगतो. माझा एक शाळासोबती सहकारी बँकेत नोकरीला आहे. एके रात्री त्याचा दूरध्वनी आला. म्हणाला, "अरे, पोरगी पायलट व्हायचं म्हणते. तू पेपरवाला, तुला ठाऊक असेल. घर तारण ठेवू का?" आयुष्यभर दुसऱ्यांची तारणे तपासलेला हा माणूस स्वतःच्या घराविषयी मला विचारत होता. मी त्याला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. आजचे भाषण हे एका अर्थाने त्या उशिरा दिलेल्या उत्तराचाच विस्तार आहे.

वैमानिक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? पांढरा शुभ्र गणवेश, खांद्यावरच्या चार सोनेरी पट्ट्या, मोठा पगार आणि परदेशातली हॉटेले. यातले काही खरे आहे, काही अर्धसत्य. पण विमान कंपनी वैमानिकाला नेमके कशाचे वेतन देते, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाची पोती घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. छोटेसे पुस मॉथ विमान, आत एकटा माणूस, सोबतीला रेडिओही नाही. तेव्हा विमान चालवणे म्हणजे हात, डोळे आणि धाडस. पुढे विमाने मोठी झाली आणि कॉकपिटमध्ये माणसांची दाटी झाली. एअर इंडियाच्या सुपर कॉन्स्टेलेशनच्या काळात मुख्य वैमानिक, सहवैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर आणि रेडिओ ऑफिसर असे पाच जण लागत. मग यंत्रे शहाणी होत गेली. आधी रेडिओ ऑफिसर गेला, मग नॅव्हिगेटर, अखेरीस फ्लाइट इंजिनिअरही गेला. उरले दोघे. आता तर प्रवासाच्या काही टप्प्यांत एकाच वैमानिकावर भागवता येईल का, याचाही विचार विमान बनवणाऱ्यांनी करून पाहिला. युरोपातील विमानसुरक्षा यंत्रणेने २०२५ साली अभ्यासाअंती सांगितले की, तूर्त ते दोन वैमानिकांइतके सुरक्षित असल्याचे सिद्ध करता येत नाही.

म्हणजे बहुतेक वेळ विमान यंत्रच उडवते. मग माणूस कशासाठी? निर्णयासाठी. आणि त्या निर्णयांतला सर्वांत अवघड निर्णय असतो तो नकाराचा. आज उडणार नाही. इथे उतरणार नाही. मी थकलो आहे, हे उड्डाण करणार नाही.

'पुन्हा वर चला'

उतरणारे विमान योग्य उंचीवर नसेल, वेग जास्त असेल किंवा धावपट्टी नीट दिसत नसेल, तर वैमानिकाने उतरण्याचा प्रयत्न सोडून इंजिनांना पूर्ण जोर द्यायचा आणि पुन्हा आकाशात जायचे. याला त्यांच्या भाषेत 'गो अराउंड' म्हणतात. यात नामुष्की काही नाही. दहा-पंधरा मिनिटे अधिक लागतात, थोडे इंधन जाते, आणि आपण प्रवासी मात्र घड्याळाकडे पाहत कुरकुर करतो.

महाभारताच्या वनपर्वात एक प्रसंग आहे. शाल्वाशी झालेल्या युद्धात श्रीकृष्णाचा पुत्र प्रद्युम्न बाण लागून मूर्च्छित होतो. त्याचा सारथी, दारुकाचा मुलगा, रथ रणांगणाबाहेर काढतो. शुद्धीवर आल्यावर प्रद्युम्न त्याच्यावर संतापतो. यादव कुळात पाठ दाखवून कोणी पळत नाही, लोक मला काय म्हणतील, असे विचारतो. सारथी शांतपणे सांगतो की, रथी मूर्च्छित असताना त्याचे रक्षण करणे हाच माझा धर्म आहे. पुढे ते दोघे पुन्हा रणात जातात, शाल्वाला जेरीस आणतात. पण क्षणभर का होईना, रथ मागे वळवण्याचे धैर्य त्या सारथ्यापाशी होते. रथात बसलेल्याचा संताप झेलण्याची तयारी होती. वैमानिकाकडून आपण हेच मागतो, आणि तो ते देतो तेव्हा मात्र बहुधा त्याच्यावर चिडतो.

२२ मे २०१० ची मंगळुरूची दुर्घटना आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान टेकडीवरच्या धावपट्टीच्या पलीकडे दरीत कोसळले. १६६ जणांपैकी १५८ जण गेले. चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते आपले एअर मार्शल भूषण गोखले. त्यांच्या अहवालातील तपशील सुन्न करणारा आहे. ध्वनिमुद्रण यंत्रात उड्डाणाच्या शेवटच्या सुमारे दोन तासांचे आवाज होते. त्यातला पहिला एक तास चाळीस मिनिटांचा काळ मुख्य वैमानिक झोपेत होता. पहाटेची वेळ, अर्धवट गुंगी, आणि विमान खूप उंचावरून धावपट्टीकडे आलेले. सहवैमानिकाने एकदा नव्हे, तीन वेळा 'गो अराउंड' सुचवले. यंत्रही इशारे देत होते. मुख्य वैमानिकाने ऐकले नाही.

मुख्य वैमानिक परदेशी होता, हे तेव्हा वृत्तपत्रांनी फार रंगवले. त्या दशकात आपल्याकडे कंपन्या झपाट्याने वाढल्या, अनुभवी कॅप्टन पुरेनात, म्हणून परदेशी कॅप्टन आणावे लागले, हे खरे. पण दोष परदेशी असण्यात नव्हता. ते दहा वर्षांनी कळायचे होते.

७ ऑगस्ट २०२०. करोनाचे दिवस. 'वंदे भारत' मोहिमेतील दुबईचे विमान भर पावसात कोळिकोडला उतरत होते. मुख्य वैमानिक होते कॅप्टन दीपक साठे. नागपूरशी घट्ट नाते असलेले, वायुदलाच्या अकादमीत सन्मानाची तलवार मिळवलेले. पहिल्या प्रयत्नात त्यांनी योग्य तेच केले, विमान पुन्हा वर नेले. त्यांच्या बाजूच्या काचेचा वायपर बंद पडला होता. दुसऱ्यांदा धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून ते आले. वारा पाठीमागून वाहत होता. विमान धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकले, ओल्या पट्टीवर थांबू शकले नाही आणि कड्यावरून खाली गेले. १९० पैकी २१ जण दगावले, दोन्ही वैमानिकांसह.

त्या आठवड्यात आम्ही पत्रकारांनी शौर्यगाथा लिहिल्या. मीही लिहिली, आणि साठे यांच्या सेवेविषयी जे लिहिले ते आजही मागे घ्यावेसे वाटत नाही. परंतु पुढल्या वर्षी, सप्टेंबर २०२१ मध्ये, चौकशी अहवाल आला आणि तो मात्र आतल्या पानांत कुठेतरी विरून गेला. त्या अहवालाने संभाव्य कारण सांगितले ते असे: उतरणे अस्थिर असतानाही ते चालू ठेवले गेले, सहवैमानिकाने 'गो अराउंड' म्हटले ते अमलात आले नाही, आणि सहवैमानिकानेही विमानाचा ताबा आपल्याकडे घेतला नाही.

अहवाल येथेच थांबत नाही, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो. मुख्य वैमानिक कोळिकोडलाच उतरण्याचा आग्रह का धरत होता, याचा त्याने शोध घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळचे एक उड्डाण त्यांना करायचे होते, आणि त्या तळावर पुरेसे कॅप्टनच नव्हते. कंपनीच्या मनुष्यबळ धोरणातील दोषामुळे ही स्थिती आली होती, असे अहवालात नमूद आहे. विमान दुसऱ्या शहराकडे वळवले असते तर सकाळचे उड्डाण अडले असते. एका कर्तव्यदक्ष माणसाला दुसऱ्या दिवशीच्या कर्तव्याने ओढले, असे मी त्याचे वाचन करतो. आपल्याकडे कामाला न चुकणाऱ्या माणसाचे आपण किती कौतुक करतो! बँकेत, शाळेत, कारखान्यात ते योग्यच असेल. आकाशात तोच गुण कधी घात करतो.

(अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या दुर्घटनेविषयी मी आज काही बोलणार नाही. २६० जण ज्यात गेले, त्या घटनेचा निवाडा प्राथमिक अहवालातील दोन-तीन वाक्यांवरून वाहिन्यांनी एका रात्रीत करून टाकला. ते पाप माझ्या व्यवसायाने केले, त्यात भर नको.)

आता सहवैमानिकाकडे वळू. दोन्ही घटनांत त्याने अचूक सांगितले होते. मग सांगणे आणि थांबवणे यांत अंतर का पडले? हा प्रश्न केवळ आपला नाही. १९७७ च्या मार्चमध्ये टेनेरिफ बेटावर दोन जंबो विमाने धावपट्टीवरच धडकली, ५८३ माणसे गेली. के.एल.एम.च्या विमानातील फ्लाइट इंजिनिअरने समोरचे विमान पट्टीवरून बाजूला झाले आहे ना, अशी शंका काढली होती. मुख्य वैमानिक त्या कंपनीतला मोठा मान्यवर प्रशिक्षक. त्याने ती शंका झटकली आणि बाकीचे दोघे गप्प राहिले. त्यानंतरच्या काळात जगभर वैमानिकांना एकमेकांशी बोलायला, ज्येष्ठाला टोकायला रीतसर शिकवू लागले. 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' असे त्या शिक्षणाचे नाव.

आपल्या घरांत मात्र मोठ्यांसमोर बोलू नये, हेच वळण. त्यामागचा आदरभाव मला प्रिय आहे, मीही त्याच वळणात वाढलो. पण आदर आणि मौन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. साठीच्या कॅप्टनला पंचविशीच्या मुलीने नम्रपणे आणि ठामपणे "सर, चुकतंय, वर चला" म्हणणे, आणि तरी न ऐकल्यास नियंत्रण हाती घेणे, यासाठी लागणारे बळ उड्डाणशाळेच्या दोनशे तासांत येत नाही. ते घरून न्यावे लागते.

विश्रांतीचा हिशेब

विमान कंपन्यांचा इतिहास मी थोडक्यात उरकतो, कारण तो बहुतेकांना ठाऊक आहे. १९५३ मध्ये खासगी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, नव्वदच्या दशकात दारे पुन्हा उघडली. २००३ मध्ये एअर डेक्कन आली आणि रेल्वेच्या वातानुकूलित डब्यातला प्रवासी विमानात बसू लागला. २०१२ मध्ये किंगफिशर थांबली, एप्रिल २०१९ मध्ये जेट, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. दरवेळी शेकडो वैमानिक रस्त्यावर आले. २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया टाटांकडे परतली, २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. २०२४ मध्ये देशांतर्गत प्रवाशांची संख्या १६ कोटींवर गेली. या वाढीचा अभिमान वाटावा असाच हा पल्ला आहे.

पण विमान मागवता येते, कॅप्टन मागवता येत नाही. तो घडायला वर्षे लागतात. मग जे आहेत त्यांच्याकडून अधिक काम, अधिक रात्री.

नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये कामाच्या तासांचे नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास. रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत. रात्रीच्या कामात सहाऐवजी दोनच वेळा विमान उतरवायचे. नियम वैद्यकशास्त्राला धरून होते. कंपन्यांनी मुदत मागितली, वैमानिक संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि अखेर जुलै व नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. पुढे डिसेंबरमध्ये काय झाले, ते आपण पाहिले. देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची, इंडिगोची, हजारो उड्डाणे रद्द झाली. ५ डिसेंबरला तर एका दिवसात हजाराहून अधिक. विमानतळांवर सामानाचे ढीग, रडणारी मुले, लग्नाला पोहोचू न शकलेली माणसे. अखेर त्या कंपनीला रात्रीच्या कामाच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट द्यावी लागली.

लोकांचे हाल पाहता सरकारपुढे दुसरा मार्ग नव्हता, हे मी समजू शकतो. पण दोन वर्षे आधी जाहीर झालेल्या नियमासाठी माणसे तयार न ठेवणारी कंपनी आणि तिकीट स्वस्त हवे म्हणून काहीही चालवून घेणारे आपण, या दोघांच्या मध्ये थकलेला वैमानिक उभा असतो. त्या गोंधळात प्रवाशांच्या मुलाखती सर्वांनी घेतल्या. वैमानिकाला झोप मिळावी म्हणून हा नियम होता, हे बातमीच्या तळाशी राहिले.

आता माझ्या बँकवाल्या मित्राचा प्रश्न.

व्यावसायिक परवान्यासाठी भौतिकशास्त्र व गणितासह बारावी हवी, अठरा वर्षे पूर्ण हवीत, महासंचालनालयाच्या लेखी परीक्षा आणि दोनशे तासांचे उड्डाण हवे. (एके काळी यासाठी मॅट्रिक पुरत असे. माझ्यासारख्यांची संधी नव्वदच्या दशकात गेली.) आपल्या महाराष्ट्रात गोंदियाजवळ बिरसी, बारामती, धुळे येथे प्रशिक्षणाची सोय आहे. देशातला खर्च साधारणपणे पन्नास लाखांच्या घरात जातो. विशिष्ट जातीच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते, त्याला 'टाइप रेटिंग' म्हणतात, तेही बहुधा स्वखर्चाने. कंपनीशी जोडलेला अभ्यासक्रम घेतला तर आकडा कोटीच्या आसपास पोहोचतो. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. म्हणून घर.

जाहिरातीत 'वैमानिकांचा तुटवडा' असे छापलेले असते. ते खरेही आहे, पण तुटवडा कॅप्टनचा आहे, नवशिक्याचा नाही. परवाना हातात घेऊन वर्ष-दोन वर्षे वाट पाहणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांच्या घरी दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता जातोच.

माझी खरी चिंता त्या पुढची आहे. समजा नोकरी लागली. डोक्यावर ऐंशी लाखांचे कर्ज, आईवडिलांचे घर गहाण, सोडून जायचे तर सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षाची पूर्वसूचना. अशा मुलाला पहाटे तीन वाजता वाटते की, आज आपली झोप झालेली नाही. तो कंपनीला 'मी येत नाही' असे कळवील का? नियमाने तो अधिकार त्याला आहे. पण त्याच्या बाजूला त्याचे कर्जही बसलेले असते. ज्या घराने त्याला पंख दिले, तेच घर त्याच्या जिभेवर वजन होऊन बसते. याचा विचार पालकांनी सही करण्यापूर्वी केला पाहिजे, नंतर नव्हे.

मी मित्राकडे गेलो. मुलगी घरी होती. तिच्या भिंतीवर कॅप्टन सौदामिनी देशमुख यांचे वृत्तपत्रातले कात्रण लावलेले होते. १९८५ साली केवळ स्त्रियांच्या चमूने कोलकात्याहून सिलचरला नेलेल्या विमानाच्या त्या कॅप्टन. आज आपल्या देशात सुमारे पंधरा टक्के वैमानिक स्त्रिया आहेत, जगाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे. मुलीने आकडे पाठ केले होते, तिला माझ्याकडून काही नको होते.

मी एवढेच सुचवले की, कुठेही पैसे भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घे. पहिली दुसऱ्या श्रेणीची असते, परवान्याला पहिल्या श्रेणीची लागते. डोळे, कान, हृदय यांत काही अडचण असेल तर ती आज कळू दे, तीस लाख भरल्यावर नको. लेखी परीक्षा घरी राहून, अभ्यास करून देता येतात, त्या आधी दे. आणि ज्या उड्डाणशाळेत जाणार, तिथे विमाने किती, त्यांतली उडण्याजोगी किती, मागच्या तुकडीचे दोनशे तास किती महिन्यांत पूर्ण झाले, हे त्या तुकडीतल्या मुलांना भेटून विचार. माहितीपत्रकावर विसंबू नकोस.

निघताना तिला सहज विचारले, "काय गं, बाबांना कधी तोंडावर म्हणालीस का, की तुमचं चुकतंय?"

तिने वडिलांकडे पाहिले. मित्र खाली बघत होता.

"म्हणाले ना काका. घर तारण ठेवू नका, हे मीच म्हणाले. बाबांनी म्हणून तर तुम्हाला फोन केला."

वैद्यकीय तपासणी ती उत्तीर्ण झाली. हवामानशास्त्र आणि उड्डाण-नियमांचे पेपर दिले आहेत, दिशामार्गाचा राहिला आहे. सध्या एका शिकवणीत भौतिकशास्त्र शिकवते आणि पैसे साठवते. घराचे कागद अजून मित्राच्या कपाटातच आहेत.